कोकणातलं घर, खळं आणि तुळशीवृंदावन: वर्षभराच्या निगराणीचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाकडच्या घराबद्दलचे प्रश्न वर्षातून तीनदा लोंढ्याने येतात: मे महिन्यात, गणपतीच्या आधी आणि दिवाळी जवळ आली की. विचारणारे बहुतेक मुंबई-पुण्याकडचे चाकरमानी, काही गावातच राहणारे, काही गोव्यातले. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या, कौलारू घरांना धरून दिली आहेत. देशावरच्या काळ्या मातीत आणि कमी पावसात यातली बरीच कामं वेगळ्या रीतीने करावी लागतात.

१. वर्षभरात कोणतं काम कधी करायचं? ढोबळ वेळापत्रक सांगाल का?

शिमगा झाला की छपराकडे बघायचं. एप्रिल-मे म्हणजे शाकारणी, लाकडाची कामं आणि झाडांच्या वाळक्या फांद्या. २५ मेच्या आसपास रोहिणी नक्षत्र लागतं, तोवर छप्पर झालेलं असावं. मृग ७-८ जूनला निघतो, त्याआधी गटारं आणि पन्हळी साफ हव्यात. पावसात नवं काही बांधायचं नाही, फक्त लक्ष ठेवायचं आणि रोपं लावायची. दसऱ्यानंतर खळं (दारापुढचं चोपलेलं अंगण), सारवण, चुना. तुळशीच्या लग्नाआधी वृंदावन. थंडीत मोगऱ्याची छाटणी आणि भाजीचे वाफे.

हे सगळं दोन सुट्ट्यांत बसवायचं असेल तर मे महिन्यात छप्पर आणि पाण्याच्या वाटा करा, दिवाळीत अंगण करा. रंग राहिला तर एक वर्ष थांबतो. छप्पर राहिलं तर थांबत नाही.

२. शाकारणी म्हणजे नक्की काय? दरवर्षी करावीच लागते का?

कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा नीट बसवणं म्हणजे शाकारणी. नळीच्या कौलांना ती जवळजवळ दरवर्षी लागते, कारण ती एकमेकांत अडकत नाहीत. नुसती एकावर एक टेकलेली असतात. मांजर धावलं तरी सरकतात. मंगळुरी कौलांना पाठीमागे खाचा असतात, त्या रिपेवर अडकतात, म्हणून त्यांना दरवर्षी अख्खं छप्पर उतरवायची गरज नाही. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला या कौलांचा पहिला कारखाना काढला आणि किनाऱ्याने ती वर आपल्याकडे आली. आज जुनी म्हणून आपण जपतो ती बहुतेक कौलं याच जातीची.

मंगळुरी कौलांना दरवर्षी एवढं तरी करा: कोने (छपराच्या माथ्यावरची कौलं) तपासा, पानगळ झाडा, आणि दुपारच्या वेळी माळ्यावर जाऊन वर बघा. जिथून उजेडाची तिरीप येते तिथून पाणी येणार. खडूने वाशावर खूण करा आणि मग माणूस वर चढवा. खाली उभं राहून केलेला अंदाज बहुधा चुकतो, कारण पाणी वाशावरून घरंगळत हातभर लांब जाऊन ठिबकतं.

तीन-चार डझन कौलं नेहमी घरात शिल्लक ठेवा, तीही त्याच छापाची. वेगळ्या कारखान्याचं कौल शेजारच्याशी जुळत नाही आणि ती फट बुजता बुजत नाही.

३. वानरं कौलं फोडतात. सगळ्या छपरावर पत्रा घालून टाकू का?

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याची कळकळ समजते. एका सकाळी वीस-पंचवीस कौलं गेली की माणूस हताश होतो. तरी आधी घराला टेकणाऱ्या फांद्या छाटा, छपरापासून दहा-बारा फूट मोकळं ठेवा. वानरं उडी मारतात, पण अंतर वाढलं की वाट बदलतात. परवानगीचा भाग प्रश्न २२ मध्ये आहे. आंबे-फणस संपेपर्यंत त्रास जास्त असतो, तेवढे दिवस कुत्रा आणि माणसाचा वावर हाच खरा उपाय. विष घालणं, फासे लावणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो नसता तरी करू नये असंच मी सांगितलं असतं.

पत्रा घालायचाच असेल तर कौलांच्या वर स्वतंत्र सांगाड्यावर घाला, मध्ये दीड-दोन फूट हवा खेळू द्या. कौलं काढून थेट पत्रा टाकला तर मे महिन्यात माजघरात बसवत नाही आणि पावसात आवाजाने बोलता येत नाही.

४. पावसाआधी अंगणातलं पहिलं काम कोणतं?

पाण्याची वाट. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत पडतो. एवढं पाणी अडवून कोणी जिंकलेलं नाही, त्याला फक्त वाट द्यायची असते.

पागोळ्या जिथे पडतात तिथली माती दरवर्षी खणली जाते आणि पाणी जोत्याकडे वळतं. त्या रेषेत वीतभर रुंदीचा गोट्यांचा किंवा चिऱ्याच्या (जांभ्याच्या दगडाच्या) तुकड्यांचा पट्टा घाला. दिसायलाही छान दिसतो, भिंतीवर लाल शिंतोडेही उडत नाहीत. अंगणाचा उतार घरापासून बाहेर असावा, दहा फुटांना दोन इंच पुरे. बादलीभर पाणी ओतून बघा, कुठे जातं ते लगेच कळतं. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) तळाशी पाणी जायला जी भोकं ठेवलेली असतात ती मातीने बुजलेली असतात, ती मोकळी करा. पावसात गडगा कोसळतो तो बहुतेक वेळा मागे साचलेल्या पाण्याच्या भाराने.

५. पश्चिमेकडची भिंत पावसाच्या झडीने भिजते. पूर्वी झापं बांधायचे, आता काय करावं?

अजूनही झापंच बांधा, मिळत असतील तर. नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं, मालवणीत चुडतं, भिंतीपासून थोडी सुटी उभी करतात. पाणी बाहेरून निथळतं आणि आतून वारा फिरतो, त्यामुळे भिंत कोरडी राहते. निळं प्लॅस्टिक भिंतीला चिकटवून बांधलं तर आत घाम धरतो आणि झडीने भिजली नसती तेवढी भिंत त्या घामाने भिजते. झावळ्या विणणारं कोणी उरलं नसेल तर बांबूच्या चौकटीवर ताडपत्री ताणा, पण भिंतीपासून हातभर लांब, आणि खालची-वरची बाजू उघडी ठेवा. गणपतीनंतर ऊन पडायला लागलं की लगेच काढा.

६. जांभ्याच्या भिंतीला रंग द्यावा का? सिमेंटने सांधे भरले तर चालतील का?

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, करवतीने कापता येतो, आणि वारा लागला की कडक होतो. तो सच्छिद्र दगड आहे. पावसात ओल घेतो आणि उन्हात सोडतो, दरवर्षी. तेलरंग किंवा चकचकीत वॉर्निश चढवलं की ओल आत जायची थांबत नाही (ती जोत्यातून वर येतेच), बाहेर पडायची मात्र थांबते. मग पापुद्रे सुटतात.

सिमेंटच्या सांध्यांचंही तेच. आमच्या न्हाणीच्या भिंतीचे सांधे एका गवंड्याच्या आग्रहाने सिमेंटने भरून घेतले होते. दुसऱ्या पावसाळ्यात सांधे शाबूत आणि चिऱ्यांच्या कडा भुगा होऊन पडत होत्या. सांधा दगडापेक्षा कडक झाला की ओल दगडातूनच वाट काढते. आम्ही ते सगळं उकरून चुना-वाळूचे सांधे पुन्हा भरले आणि तेव्हापासून ती भिंत शांत आहे.

उघडा चिरा आवडत असेल तर तो तसाच ठेवा. पाणी झटकणारं, पण श्वास न कोंडणारं सिलेन-सिलोक्सेन जातीचं पारदर्शक द्रावण मिळतं, ते कोरड्या भिंतीला मार्च-एप्रिलमध्ये द्यावं. भिंत पांढरी हवी असेल तर चुना (प्रश्न १४).

७. पायऱ्यांवर, विहिरीच्या काठावर शेवाळ धरतं. ॲसिड टाकू का?

जांभ्यावर आणि सिमेंटवर ॲसिड टाकू नका, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पुढच्या वर्षी शेवाळ दुप्पट धरतं. भरड वाळू टाकून काथ्याच्या ब्रशने किंवा खराट्याने घासा, कोरड्या दिवशी चुन्याचं पाणी फिरवा. ब्लिचिंग पावडर वापरायचीच तर झाडांपासून आणि विहिरीपासून लांब. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: ब्लिचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जीवावर बेततो.

८. खळं नव्याने कसं करायचं? आजी करायची, आम्हाला कोणी शिकवलं नाही.

खळं म्हणजे नुसतं अंगण नव्हे. तिथे भाताची झोडणी व्हायची, म्हणून ते इतकं कठीण आणि सपाट करायचे की दाणा मातीत रुतू नये. पावसाळ्यात त्यावर गवत वाढू देतात, मातीही त्याने धरून राहते. पाऊस परतला, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, की कामाला लागायचं.

गवत मुळासकट खुरपून काढा. वरची दोन-तीन इंच माती उकरा, खड्ड्यांत चिकणसर लाल माती घाला, खडे वेचा. संध्याकाळी पाणी शिंपून रात्रभर मुरू द्या. सकाळी माती हाताला चिकटत नाही पण मुठीत वळते, अशी झाली की लाकडी चोपण्याने चोपायला सुरुवात करा. एका कोपऱ्यातून निघून मागे मागे सरकत जायचं, म्हणजे चोपलेल्यावर पाय पडत नाही. उतार याच वेळी साधायचा, नंतर जमत नाही.

मग सावकाश वाळू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बारीक भेगा दिसतील. त्या दिसल्याच पाहिजेत. पुन्हा हलकं पाणी शिंपून पुन्हा चोपा. दोन-तीन वेळा असं केलं की जमीन ठणठणीत होते, टाच आपटली की आवाज बदललेला कळतो. त्यानंतरच सारवण.

एका माणसाने करायचं हे काम नाही. चार जण असले की दोन सकाळींत होतं, आणि मुलांना चोपणं हातात दिलं तर ती सोडत नाहीत.

९. सारवलेलं लगेच पोपडे धरतं. काय चुकतं?

बहुधा तीनपैकी एक गोष्ट. खालची जमीन धुळकट असते (आधी पाणी शिंपडून धूळ बसवा), सारवण फार घट्ट असतं (ते दाट ताकासारखं हवं), किंवा भर उन्हात सारवलेलं असतं. सकाळी लवकर करा. शेण ताजं आणि गाईचं घ्या. पहिला हात माती मिसळून, दुसरा नुसत्या शेणाचा, असं केलं तर जास्त टिकतं. काहीजण कोळशाची पूड घालतात, त्याने गडद रंग येतो आणि वरची रांगोळी उठून दिसते.

हाताला जखम असेल तर सारवू नका. शेणात आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात.

१०. दरवर्षी खळं करायला माणसं मिळत नाहीत. पेव्हर ब्लॉक घालू का?

घरात वयस्कर माणसं एकटीच असतील तर चालायच्या वाटेपुरते घाला, पाय घसरून पडण्यापेक्षा ते बरं. सगळं अंगण झाकू नका. अंगणात मुरणारं पाणी तुमच्याच विहिरीला जातं, आणि पेव्हरने मे महिन्यात दारासमोर भट्टी होते. मधला मार्ग म्हणजे जांभ्याच्या लाद्या वाळूच्या थरावर, सांधे सिमेंटने न भरता. सांध्यांत गवत येतं ते वर्षातून दोनदा उपटावं लागतं. मला ते गवत आवडतं.

खळ्याचा मांडव हा वेगळा विषय आहे, त्याला जमिनीचं बंधन नाही. पोफळीचे किंवा बांबूचे खांब, वर झावळ्या, दिवाळीनंतर उभा करून मृगाआधी उतरवायचा. बांबू तोडून पंधरा-वीस दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला तर त्यातली पिठूळ साखर धुऊन जाते आणि भुंगा लागत नाही.

११. वृंदावनाला दरवर्षी ऑइल पेंट देतो, तरी पावसाळ्यात फुगून सुटतो. चांगल्या कंपनीचा घेऊ का?

कंपनीचा दोष नाही. वृंदावनाच्या पोटात ओली माती आहे आणि तिला रोज पाणी घातलं जातं. ती ओल भिंतीतून बाहेर यायला बघते आणि रंगाच्या आतून ढकलते. रंग जितका जाड, तितका मोठा फुगा.

दोन उपाय. जुना रंग पूर्ण खरवडून चुना द्या, त्यावर गेरूची किंवा कावेची नक्षी काढा. काव म्हणजे आपली लाल माती. गोव्यात आणि दक्षिण कोकणात देवळांच्या, जुन्या घरांच्या भिंतींवर चुना आणि कावेचं काम शेकडो वर्षं टिकलेलं आहे. दुसरा उपाय, वृंदावन नव्याने बांधत असाल तर आत कुंडी बसेल अशी पोकळी ठेवा आणि तुळस कुंडीसकट ठेवा. मग भिंत कोरडी राहते, हवा तो रंग टिकतो.

दिव्याचा कोनाडा वाऱ्याच्या उलट दिशेला आहे ना ते बघा. किनाऱ्याजवळच्या घरांत पश्चिमेकडे तोंड केलेला कोनाडा संध्याकाळी कधीच दिवा टिकू देत नाही.

१२. वृंदावनातली तुळस पावसाळ्यात मरते. अपशकुन आहे का?

नाही. मुळं कुजतात एवढंच. जुन्या वृंदावनांच्या तळाशी पाणी जायला वाट असते, ती बुजलेली असेल. सिमेंटच्या तयार वृंदावनांना कित्येकदा भोकच नसतं. लोखंडी सळीने वाट मोकळी करा, तळाशी विटांचे तुकडे, वर वाळू मिसळलेली माती, थोडं शेणखत. पाऊस सुरू झाला की वरून पाणी घालणं थांबवा, पूजेचं पाणी चमचाभर पुरे. दूध, कुंकू, तेल मातीत पडू देऊ नका.

मुळात तुळस फार वर्षं जगणारं झाड नाही, दोन-तीन वर्षांत खोड लाकडी होऊन ती थकते. मंजिऱ्या वेळोवेळी खुडल्या तर जास्त टिकते. दरवर्षी ज्येष्ठात मंजिऱ्यांचं बी बाजूला पेरून ठेवा म्हणजे तुळशीच्या लग्नाला हिरवीगार नवरी तयार असते.

१३. वृंदावनाच्या (किंवा भिंतीच्या) फटीत पिंपळ उगवला आहे. उपटायचा नाही असं घरचे म्हणतात.

पक्ष्याच्या विष्ठेतून आलेलं बी ते. चार पानांचा असताना काढला तर पाच मिनिटांचं काम, मनगटाएवढा झाला तर भिंत उतरवावी लागते. नुसता वरून कापला तर मुळातून पुन्हा फुटतो. घरच्यांच्या मनाचा मान ठेवून करायचं असेल तर ज्येष्ठ-आषाढात भिंत पुरेशी भिजलेली असताना मुळासकट अलगद सोडवा आणि पाणंदीच्या कडेला किंवा देवळाच्या आवारात लावा. पिंपळ चिवट आहे, बहुतेक वेळा जगतो. मग फट चुन्याने बुजवा.

१४. चुना घरी कसा तयार करायचा? भिंतीला हात लावला की पांढरं लागतं, त्याला काय?

मोठ्या पत्र्याच्या पिंपात पाणी घ्या आणि त्यात चुन्याची कळी थोडी थोडी सोडा. पाणी उकळी फुटल्यासारखं खदखदतं, तेव्हा जवळ वाकून बघू नका, मुलांना लांब ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा. प्लॅस्टिकची बादली वितळते. निदान दोन-तीन दिवस भिजू द्या, मग फडक्यातून गाळा. त्यात तांदळाची खळ किंवा डिंकाचं पाणी आणि मूठभर मीठ घाला, म्हणजे हाताला कमी लागतो. शुभ्र दिसायला चिमूटभर नीळ.

भिंत आधी ओली करा आणि दुधासारखे पातळ तीन हात द्या. जाड एकच हात दिला तर पोपडे सुटतात. डिस्टेंपर किंवा इमल्शन लावलेल्या भिंतीवर चुना धरत नाही, आधी ते खरवडावं लागतं.

१५. फुलझाडं कधी छाटायची? आमचा मोगरा नुसता वाढतो, फुलत नाही.

मोगऱ्याला डिसेंबरमध्ये पाणी तोडा, पानं थोडी मलूल होऊ द्या. जानेवारीत निम्म्यावर छाटा, बुंध्याशी माती हलवून शेणखत घाला आणि मग भरपूर पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या येतात. वर्षभर लाड केलेला मोगरा फक्त पाला देतो.

बोगनवेलही पाण्याच्या ताणावर फुलते, तिला पावसाळा संपल्यावर छाटा. जास्वंद केव्हाही हलकी छाटता येते. तिच्या शेंड्यांवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. देवचाफ्याची फांदी तोडल्या तोडल्या लावू नका. चीक सुकून टोक कोरडं होईपर्यंत आठवडाभर पडवीत ठेवा, मग लावा. शेवंतीच्या कुंड्या पावसात पडवीखाली घ्या, नाहीतर थंडीत फुलायला झाडच उरत नाही.

दसऱ्याचा झेंडू घरचा हवा असेल तर बी दसऱ्याच्या अडीच महिने आधी पडलं पाहिजे.

१६. दारात कमळाचं कुंड करायचं आहे, पण डासांची भीती वाटते.

भीती रास्त आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. कुंडात पाच-सहा गप्पी मासे सोडले की अळ्या उरत नाहीत. मासे मूळ दक्षिण अमेरिकेतले आहेत, म्हणून ते वहाळात किंवा नदीत सोडू नका. जुनी दगडी डोण (पाण्याचं दगडी भांडं) असेल तर तीच वापरा, तिच्यापेक्षा सुंदर कुंड विकत मिळत नाही. मात्र तिला भेग असेल तर आधी दोन दिवस पाणी भरून बघा.

खरा धोका कुंडाचा नसतो. कुंड्यांखालच्या बशा, करवंट्या, ताडपत्रीच्या खोळी, न वापरलेला रगडा यांत पाणी साठतं आणि त्यात मासे नसतात. आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळं पालथं घाला.

१७. अंगणात, वृंदावनाभोवती कायमची रोषणाई करावी का?

सणापुरती करा. बाहेर वापरायचे दिवे आयपी ६५ दर्जाचे (धूळ-पाणी आत न जाणारे) घ्या, जोड उघड्यावर ठेवू नका, आणि मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारी कळ) बसवून घ्या. ओल्या खळ्यात अनवाणी पायाने फिरणाऱ्या घरात तिला पर्याय नाही.

कायमच्या रोषणाईला माझा विरोध काजव्यांसाठी आहे. मे अखेर ते जून या काळात ते लुकलुकून जोडीदार शोधतात आणि आपल्या दिव्यांच्या झगझगाटात त्यांना एकमेकांचा उजेड दिसत नाही. तेवढे आठवडे तरी बाहेरचे दिवे बंद ठेवा. पहिल्या पावसात पंखवाली वाळवीही दिव्यावरच झेपावते, त्यामुळे तेव्हाही अंधार सोयीचाच (प्रश्न २० पाहा). एरवी पिवळसर दिवे लावा, त्यांवर किडे कमी येतात.

आकाशकंदील तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात, बरेच जण त्रिपुरी पौर्णिमेला उतरवतात.

१८. दिवाळीचा किल्ला अंगणात केला तर खळं खराब होतं का? किल्ल्यावर हिरवळ कशी आणायची?

खाली गोणपाट अंथरा, खळं खराब होत नाही. आत विटा आणि दगड, वर माती, म्हणजे किल्ला खचत नाही. अळीव तासभर भिजवून पसरा आणि रोज हाताने पाणी शिंपडा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवं दिसतं. मोहरीला एक-दोन दिवस जास्त लागतात. म्हणजे वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरायचं.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आपल्या दाराशी आहेत. मुलांना रायगडच करायचा असतो, पण एकदा विजयदुर्गची तिहेरी तटबंदी करून बघू दे. भोवती खाडीचं पाणी दाखवायला खळ्याचा उतार कामी येतो.

किल्ल्याची माती तुळशीच्या लग्नानंतर कुंड्यांत घाला.

१९. गडग्यात, चिऱ्यांच्या ढिगात साप असतात. काम कसं करायचं?

कोकणच्या कातळात फुरसं (विषारी साप) भरपूर आहे, आणि ते लहान, मातीच्या रंगाचं असल्याने दिसत नाही. चिरा उचलताना आधी काठीने हलवा, बोटं खाली घालू नका, बूट घाला. चिऱ्यांचे, लाकडांचे ढीग घरापासून लांब रचा. अंधारात विजेरीशिवाय खळ्यात उतरू नका.

दंश झालाच तर कापू नका, चोखू नका, घट्ट आवळपट्टी बांधू नका. अंगठी, बांगड्या काढा, पाय किंवा हात हलू न देता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिविष तिथे मिळतं. मांत्रिकाकडे गेलेला तास परत येत नाही.

२०. खांबांना, चौकटींना वाळवी लागते. जुन्या घरात काय लावायचे?

काजूच्या टरफलांचं तेल. कोकणात वाशांना आणि होड्यांनाही ते लावत आलेत आणि वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. पण ते कातडी भाजतं, फोड येतात, म्हणून रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि मुलं लांब. एप्रिलमध्ये लाकूड कोरडं असताना लावा.

वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करून वर चढते. त्या नळ्या दिसल्या की मोडा आणि कुठून निघतात ते शोधा. खांब थेट मातीत असेल तर त्याखाली दगडी उथाळा बसवून घ्या.

२१. घर आठ-नऊ महिने बंद असतं. कमीत कमी काय करावं?

शेजारच्या एका घराकडे किल्ली द्या आणि पंधरवड्यातून एकदा सगळी दारं-खिडक्या तासभर उघडायला सांगा. त्याचे पैसे द्या, आणि न चुकता द्या. बंद घर पावसाने कमी आणि कोंडलेल्या हवेने जास्त खराब होतं. निघताना विजेची मुख्य कळ आणि टाकीचा नळ बंद करा, गाद्या भिंतीपासून सुट्या ठेवा, कपाटांची दारं किलकिली ठेवा. पूर्वी घरात चूल पेटायची, तिच्या धुराने वासे कोरडे आणि कीडमुक्त राहायचे. गॅस आल्यावर ते गेलं, म्हणून प्रश्न २० मधलं काम बंद घराला जास्त गरजेचं.

२२. घरावर आलेलं झाड किंवा नारळ तोडायला परवानगी लागते का?

वाळक्या झावळ्या आणि नारळ काढायला नाही. पावसाआधी ते नक्की काढून घ्या, वादळात झावळ कौलावर भाल्यासारखी येते. शहरी हद्दीत झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली परवानगी लागते, आणि मोठी छाटणी करायची असली तरी आधी नगरपंचायतीत विचारावं. गावात १९६४ चा वृक्षतोड अधिनियम आहे, त्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, किंजळ अशी आपल्या परसातलीच झाडं आहेत. ती तोडायला परवानगी लागते, स्वतःच्या जमिनीत असली तरी.

तोडलेल्या माडाचं खोड आणि शेणाचा उघडा खड्डा तसाच ठेवू नका. त्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि उरलेल्या माडांचे कोंब खातो.

२३. सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) निळी-जांभळी फुलं बागेत लावता येतील का?

नाही. सीतेची आसवं आणि तिच्यासोबतची झाडं कातळावरच्या बोटभर, कस नसलेल्या मातीत जगतात. सीतेची आसवं तर मुळाशी असलेल्या फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून पोट भरते. खतावलेल्या वाफ्यात ती चार दिवसांत जाते. भाद्रपदात सड्यावर जाऊन बघा, पाय जपून टाका. बागेत तसा रंग हवा असेल तर तेरडा लावा, एकदा लावला की दरवर्षी आपला आपण उगवतो.

२४. जुनं जातं, रगडा, पाटा बागेत मांडले तर चालतील का? खणताना एक कोरीव दगडही सापडला आहे.

जातं, रगडा, डोण आपल्या घरचे आहेत, खुशाल मांडा. जात्याच्या तळीला वाट नसेल तर त्यात पाणी साठेल, तेवढं बघा (प्रश्न १६).

कोरीव दगडाचं तसं नाही. जमिनीतून निघालेली मूर्ती, वीरगळ, नाणी यांची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते, १८७८ चा निखात निधी अधिनियम त्यासाठीच आहे. दगड घासू नका, शेंदूर किंवा रंग लावू नका, जागेवरून हलवू नका. कुठे, किती खोल सापडला याचे फोटो काढून ठेवा. अभ्यासकाला दगडाइतकीच ती जागाही महत्त्वाची असते. वर ताडपत्री घाला, बाजूने पाण्याला वाट काढा आणि तहसील कार्यालयात लेखी कळवून पोच घ्या.